मूल गेलेल्या घरी जाताना: एका शोना माईकडून शिकलेलं

परळला हॉस्पिटलांच्या आसपास बाहेरगावच्या पेशंटसाठी धर्मशाळा आहेत, त्यातल्या एकीत मी दर गुरुवारी सकाळी नाश्ता वाढायला जाते. काही वर्षांपूर्वी तिथे झिम्बाब्वेहून आलेली एक बाई राहत होती, हरारेच्या बाजूची, सात वर्षांच्या मुलाला ट्रीटमेंटसाठी घेऊन आलेली. मी नाव विचारलं तर म्हणाली माई, आणि पुढे एक नाव. मला वाटलं आपल्याकडे म्हणतात तसं माई. नंतर मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये गप्पा झाल्या तेव्हा कळलं की ती तिथल्या शोना समाजातली आहे, त्यांच्या भाषेत आईला अमाई किंवा माई म्हणतात आणि बापाला चक्क बाबाच म्हणतात, आणि मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं, सगळे माई आणि पुढे मुलाचं नाव अशीच हाक मारतात. आमच्या लालबागच्या चाळीत पिंट्याची आई, बबलीची आई करतात तसंच अगदी.

मुलगा गेला. आणि आम्हाला कुणालाच कळेना आता हिला हाक काय मारायची. दोन दिवस सगळ्या बायका नुसतं मॅडम, सिस्टर, अहो असं करत होतो, नाव टाळत होतो. तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, मी अजून माई अमुकच आहे, तेच म्हणा. (मुलाचं नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.)

त्या दिवशी घरी येताना मला माझी वहिनी आठवली. तिचं पहिलं बाळ नवव्या दिवशी गेलं, बारसं बाराव्या दिवशी होतं. मी आत्या, कानात कुर्रर्र करून नाव मी सांगणार होते, नवं परकर पोलकं नाही पण साडी घेऊन ठेवली होती. ती हॉस्पिटलमधून घरी यायच्या आधी आम्ही पाळणा परत केला, झबली, दुपटी, लंगोट, मालिशचं तेल सगळं एका गोणीत भरून देऊन टाकलं, तिला त्रास नको म्हणून. ती आली, खोलीत इकडे तिकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. एक झबलं तरी ठेवायचं होतंत, एवढंच म्हणाली, ते पण चार महिन्यांनी. ती चूक आमची, त्यात मी पण होते. तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितेय, आणि शोना लोकांचं जे मला कळलं, माईकडून आणि नंतर वाचून, ते जिथे उपयोगी पडेल तिथे सांगते.

पहिला दिवस

सगळ्यात आधी आईला विचारा की बाळाला बघायचंय का, हातात घ्यायचंय का. आपल्याकडे मोठी माणसं परस्पर ठरवतात, नको दाखवू, तिला सहन नाही होणार, आणि बाळ कापडात गुंडाळून पुरुष घेऊन जातात, ती बेडवर असते, सलाइन चालू असतं, तिला खिडकीतून पण दिसत नाही. काही आयांना खरंच बघायचं नसतं, ते पण बरोबर आहे, जबरदस्ती कुठलीच नको. पण विचारा, आणि नाही म्हणाली तर तासाभराने परत एकदा विचारा, कारण त्या वेळी माणूस बधिर असतं. एक फोटो काढून ठेवा. ती आत्ता बघणार नसली तरी काढा, कुणाच्या तरी फोनमध्ये राहू दे, ग्रुपवर टाकू नका. मनगटाला बांधलेली पट्टी, टोपी, ज्या दुपट्यात गुंडाळलं होतं ते, धुवू नका, एका पिशवीत घालून ठेवा. वास जातो धुतल्यावर.

स्मशानाचं बोलते. दात न आलेलं, अगदी लहान बाळ असेल तर आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात, आणि बायकांनी जायचं नाही असं धरतात. शोनांच्या जुन्या पद्धतीत पण दात न आलेल्या बाळाला मोठ्या माणसांसारखं कोरड्या जमिनीत नाही, तर नदीकाठच्या ओल्या मातीत पुरायचे, पण ते काम बायका करायच्या, पुरुष नाही. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते. म्हणजे आई किंवा आजी किंवा मावशी, ज्यांनी अंघोळ घातली असती त्यांनीच पोचवायचं. आता हरारेत काय आणि मुंबईत काय, सगळंच बदललंय, पण तुमच्या घरातली आई म्हणाली मला यायचंय तर तिला अडवू नका. रिक्षा टॅक्सी करा, उशी घ्या, टाके असतील तर सावकाश न्या, पण न्या. आणि नसेल जाता येत तर जो जाईल त्याने नीट बघून यावं कुठे ठेवलं, कोणत्या झाडाजवळ, कारण ती विचारणार. आज नाही, दोन वर्षांनी विचारेल.

एक साहविरा नेमा

शोना समाजात साहविरा म्हणून एक नातं असतं. रक्ताचं नाही, पण पिढ्यान् पिढ्या चालत आलेली घराची मैत्री. घरात मरण आलं की साहविरा पुढे होतो, कामं अंगावर घेतो, घरच्यांना काही करू देत नाही, आणि वातावरण फारच जड झालं तर गेलेल्या माणसाची नक्कल करून हसवायचा हक्क पण त्याचाच. आपल्या चाळीत असा एक जण असतोच की, मंडळाचा कार्यकर्ता, ज्याला रात्री दोनला फोन केला तरी मडकं, बांबू, गाडी सगळं आणतो. फरक इतकाच की मोठं माणूस गेलं की तो आपोआप येतो, बाळ गेलं की त्याला पण कळत नाही आपण जायचं की नाही. तर त्याला बोलवा आणि स्पष्ट सांगा की कागद आणि फोन तुझ्याकडे.

कागदांचं थोडक्यात सांगते कारण इथे घरचे फार गोंधळतात. बाळ जिवंत जन्मलं आणि तासाभराने जरी गेलं तरी जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद होते, दोन वेगळे दाखले. सात महिन्यांनंतर, म्हणजे २८ आठवड्यांनंतर, पोटातच गेलं असेल तर मृतजन्म म्हणून नोंद होते. नोंद २१ दिवसांत करायची असते. हॉस्पिटलमध्ये झालं असेल तर हॉस्पिटल पालिकेला कळवतं, पण कळवलं का ते साहविराने जाऊन विचारावं, आणि मृत्यूच्या कारणाचं डॉक्टरचं सर्टिफिकेट डिस्चार्जच्या वेळीच हातात घ्यावं. घरी झालं असेल तर आधी डॉक्टरला बोलवा, कागद त्याच्याकडून मिळतो. दाखल्यावर आईबापाच्या नावाचं स्पेलिंग तिथेच काउंटरवर वाचा, कारण दुरुस्तीला परत चार खेपा, आणि प्रत्येक खेपेला काउंटरवरचा माणूस विचारणार काय झालं, कसं झालं. पाच झेरॉक्स काढा. आणि मूळ कागद फेकू नका किंवा लपवू नका, बऱ्याच आयांना तो पुढे हवा असतो, बाळ होतं याचा तेवढाच सरकारी पुरावा.

फोनचं काम म्हणजे नातेवाइकांना कळवणं, आणि ज्यांना अजून माहीत नाही त्यांना थांबवणं. वहिनीकडे बाळ गेल्यावर आठवड्याने एका दुकानातून फोन आला होता, बारशाच्या पेढ्यांची ऑर्डर तयार आहे, कधी नेताय. फोन तिनेच उचलला.

दूध

याबद्दल कुणीच बोलत नाही आणि हेच सगळ्यात वाईट असतं. बाळ गेलं तरी शरीराला कळत नाही, दोन ते चार दिवसांत दूध उतरतं, शेजारच्या घरात बाळ रडलं तरी ब्लाउज भिजतो. तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. पूर्वी घट्ट कापड बांधायचे, ते नको, गाठी होतात आणि पू धरू शकतो. नीट आधार देणारी पण न आवळणारी ब्रा, थंड पाण्याच्या पट्ट्या, आणि फार दुखलं तर बरं वाटण्यापुरतंच हाताने काढायचं, सगळं रिकामं करत बसायचं नाही, नाहीतर परत भरतं. दूध थांबवायच्या गोळ्या असतात पण त्या डॉक्टरला विचारूनच. ताप आला, छाती लाल झाली, दगडासारखी लागली तर त्याच दिवशी डॉक्टर.

काही आयांना दूध फेकवत नाही. आपल्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये ह्यूमन मिल्क बँक सुरू केली, आशियातली पहिली, आयसीयूतल्या कमी दिवसांच्या बाळांना तिथलं दूध जातं. मूल गेलेल्या आया पण दूध देऊ शकतात. पण हे तुम्ही तिला आदर्श म्हणून सुचवू नका, तिने दुधाचं काय करू असं विचारलं तरच सांगा, एखादीला तो आधार वाटतो आणि एखादीला ते ऐकवत पण नाही.

भेटायला गेल्यावर

शोना लोक मयताच्या घरी जातात त्याला कुबाता माओको म्हणतात, म्हणजे हात धरणं. शब्दशः तेवढंच. जायचं, हात हातात घ्यायचा, म्हणायचं नेमातंबुद्झिको, ज्याचा अर्थ साधारण या दुःखासह, या संकटासह. झालं. पुढे काही समजावायचं नाही, बसायचं. जाताना थोडे पैसे किंवा सामान द्यायचं, त्याला चेमा म्हणतात, कुचेमा म्हणजे रडणं त्यावरून. माई अमुकला धर्मशाळेतल्या बायकांनी हे न शिकवता केलं, एक कोल्हापूरची आणि एक नगरची, दोघींची स्वतःची पोरं वॉर्डात. एकीने तिचा हात धरला, दुसरी तिच्या पायाशी लसूण सोलत बसली. दीडेक तास. एकीलाही इंग्लिश येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक इतकं नीट झालं.

आपल्याला भाषा येते म्हणून आपण बोलतो. अजून वय आहे होईल दुसरं. देवाला आवडला. बरं झालं लवकर सुटला, मोठा होऊन गेला असता तर. एक आहे ना तुला, तिच्याकडे बघ. आमच्या गावाला एकीचं तर तीन गेले. यातलं एकही वाक्य बोलू नका, तुमच्या मनात कितीही माया असली तरी. काय बोलायचं तर, मी आलेय. मला पण खूप वाईट वाटतंय. कुणासारखा दिसत होता गं. हे शेवटचं विचारायला लोक घाबरतात, पण मी बघितलंय, बाळाबद्दल विचारलं की आई रडते आणि रडत रडत सांगायला लागते, नाक आमच्या पपांसारखं होतं, केस किती होते. ती सांगत असेल तर डोळे पुसायला धावू नका, ऐका.

आणि डबा न्या. विचारू नका काय आणू, काही लागलं तर सांग पण नको, कुणी सांगत नाही. पेज, मऊ भात, वरण, पातळ भाजी, झाकण असलेल्या आणि परत नाही मिळाला तरी चालेल अशा डब्यात. गॅसजवळ ठेवून या.

शोनांमध्ये माणूस गेल्यावर साधारण वर्षाने कुरोवा गुवा म्हणून मोठा विधी करतात, आत्म्याला घरी आणायचा, पण लहान मुलांसाठी तो करत नाहीत, कारण पूर्वज व्हायला माणूस मोठं व्हावं लागतं, मागे मुलंबाळं लागतात. आपल्याकडेही तान्ह्या बाळाचं दहावं तेरावं नसतं, सुतक पण नावापुरतं. दोन्हीकडे शास्त्र काही असेल, त्यात मी शिरत नाही, पण परिणाम काय होतो बघा. विधी नाही म्हणजे येण्याजाण्याचं निमित्त नाही, फोटोला हार नाही, जेवण नाही, आणि लोक धरून चालतात की दुःख पण तेवढंच छोटं असेल. तीन दिवसांनी घरात कुकरची शिट्टी होते आणि सगळे तिच्याकडे बघतात, झालं ना आता. म्हणून विधी नसला तरी दहाव्या बाराव्या दिवशी मुद्दाम जा. त्या दिवशी कुणीच येत नसतं.

दोष कुणाचा

शोना माईला एक भीती होती ती तिने मला निघायच्या आदल्या रात्री सांगितली. घरी गेल्यावर सासरचे विचारणार की असं का झालं. त्यांच्याकडे सगळे नाही पण बरेच लोक कारण शोधायला नांगाकडे जातात, म्हणजे पारंपरिक वैद्याकडे, मग कुणी करणी केली का, जुन्या अन्यायाचा कुणाचा आत्मा, ज्याला न्गोझी म्हणतात, तो घराण्याच्या मागे लागला का, असं निघतं आणि कधी कधी बोट बाईवरच येतं. लग्नात नवऱ्याकडून बायकोच्या माहेरी रोरा म्हणजे देज दिलेलं असतं, मुलं बापाच्या कुळाची धरतात, त्यामुळे मूल गेलं की तिचं त्या घरातलं पाऊलच डळमळतं.

ऐकताना मी मनात म्हटलं, आमच्याकडे काय वेगळं आहे. नजर लागली. कुळाचाराचं काही राहिलं का. ग्रहणात सुरी धरलीस का. लोकलने कशाला जात होतीस नवव्या महिन्यापर्यंत. मुंबईत अर्ध्या बायका लोकलने जातात नवव्या महिन्यापर्यंत, नाही गेल्या तर घर कसं चालेल. तर घरातल्या एकाने तरी, शक्यतो नवऱ्याने किंवा सासूने, सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने म्हणायचं की हिची काही चूक नाही. एकांतात नाही, चार माणसांत. डॉक्टरने कारण सांगितलं असेल तर तेच शब्द सांगायचे. नवरा गप्प राहिला की बाकीचे ती संमती समजतात. शोनांमध्ये बापाच्या बहिणीला, तेतेला, घरात फार मान असतो, भांडणात सल्ला तिचा घेतात, आपल्याकडेही आत्याचं ऐकतात. तेव्हा आत्यांनो, बोला. मी नव्हते बोलले.

हळदीकुंकू, डोहाळजेवण, संक्रांतीला कुणाच्या पोराचं बोरन्हाण, याची बोलावणी तिला द्यायची की नाही? द्यायची. नाही बोलावलं तर तिला वाटतं मी अपशकुनी झाले. फक्त असं सांगा की यावंसं वाटलं तर ये, नाही आलीस तर मी समजेन, आणि मग नाही आली तर खरंच समजा.

बाबा, भावंडं

माई अमुकचा नवरा तिकडेच होता, तिकिटाचे पैसे एकाचेच होते. त्याने बातमी फोनवर ऐकली. त्याला पण लोक मुलाच्या नावानेच हाक मारतात, बाबा अमुक, आणि ती म्हणाली तो आठवडाभर कुणाला ओ देत नव्हता. आपल्याकडचे बाबा चौथ्या दिवशी डबा घेऊन ट्रेनमध्ये असतात, ऑफिसात सगळे विचारतात मिसेस कशा आहेत आता. माझ्या भावाला वर्षभर एकाने पण विचारलं नाही तू कसा आहेस. तो रोज रात्री चाळीच्या गॅलरीच्या टोकाला उभा राहायचा अकरा साडेअकरापर्यंत, आम्हाला वाटायचं मोबाइल बघतोय. पुरुषाला समोर बसवून बोलतं करायला जाऊ नका, बाजूला उभं राहा, चहा घ्यायला खाली चल म्हणा, चालता चालता बोलतात.

मोठं भावंड असेल तर त्याला खोटं सांगू नका. बाळ झोपलं म्हणालात तर ते पोरगं झोपायला घाबरतं, देवाने नेलं म्हणालात तर देवाला घाबरतं. बाळाचं शरीर बंद पडलं, ते आता परत येणार नाही, तुझ्यामुळे नाही झालं, एवढं पुरतं. ते मध्येच खेळायला जाईल, मध्येच तोच प्रश्न परत विचारेल, दहा वेळा तेच उत्तर द्या.

नोकरी

मृत जन्मलेलं बाळ असेल तरी आईला पूर्ण मॅटर्निटी लीव्ह मिळते, कारण कायद्यात मूल या शब्दाच्या व्याख्येतच मृत जन्मलेलं मूल धरलेलं आहे. सव्वीस आठवडे, आधीची दोन मुलं हयात असतील तर बारा. गर्भपात झाला असेल तर सहा आठवडे. केंद्र सरकारच्या नोकरीत, बाळ मृत जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर साठ दिवसांची खास रजा आहे, २०२२ पासून. एचआरला पण बऱ्याचदा माहीत नसतं, बाळ नाही मग रजा कसली असं तोंडावर म्हणतात, म्हणून अर्ज तिच्याऐवजी नवऱ्याने किंवा साहविराने लिहून मेल करावा.

विचार थांबत नाहीत तेव्हा

शोना भाषेत एक शब्द आहे कुफुंगिसिसा. अति विचार करणं. आपण म्हणतो ना, विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली, तेच. त्यांच्याकडे मनाच्या आजाराला लोक याच नावाने ओळखतात, आणि मनाच्या आजारांच्या अमेरिकेतल्या जाडजूड डीएसएम पुस्तकात पण २०१३ पासून तो शब्द आहे. गंमत म्हणजे यात मुंबईचा पण हात आहे, आपल्या मुंबईत जन्मलेले डॉक्टर विक्रम पटेल १९९० च्या दशकात हरारेत होते, तिथल्या लोकांच्याच शब्दांवरून त्यांनी १४ प्रश्नांची यादी बनवली, शोना सिम्प्टम क्वेश्चनेअर, गेल्या आठवड्यात खूप विचार येत होते का, पोट दुखत होतं का, जगू नये असं वाटलं का, अशी.

मग २००६ मध्ये डॉक्टर डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या म्बारे भागात १४ आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात बाकावर बसवलं. फ्रेंडशिप बेंच. देशात मानसोपचाराचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण आज्या भरपूर. बाई येते, आजीशेजारी बसते, तीन पायऱ्या असतात. कुव्हुरा फुंग्वा म्हणजे मन उघडणं, सगळं बोलून टाकायचं, त्यातला एकच प्रश्न निवडायचा आणि त्यावर काय करता येईल ते तिनेच ठरवायचं. कुसिमुद्झिरा म्हणजे उचलून धरणं. कुसिंबिसा म्हणजे बळ देणं. त्यांनी ५७३ लोकांवर नीट चाचणी केली, २०१६ मध्ये ती छापून आली, बाकावर बसलेल्यांना सहा महिन्यांनी खरंच बराच फरक होता.

हे फक्त मूल गेलेल्यांसाठी नाही, आणि त्या आज्यांना ट्रेनिंग असतं, वर डॉक्टर असतात, आपल्याला नसतं हे धरून चाला. पण एकच प्रश्न निवडायची ती रीत घरात वापरता येते. सगळं दुःख एकदम नाही सुटत. तिला विचारा, आज सगळ्यात जास्त काय टोचतंय, एकच सांग. तेव्हा वहिनीला कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती खालच्या मजल्यावरचं बाळ रडतं ते. मग त्या एकाचंच बघायचं, दुपारी दोन तास माझ्याकडे येऊन झोप, असं. गॅलरीतला बाक, सोसायटीतला बाक, गच्चीची पायरी, कुठेही.

आणि कधी बाकावर भागत नाही ते ओळखा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, अंघोळ नाही, बाळाचा आवाज ऐकू येतो असं खात्रीने सांगते, माझ्यामुळेच मेलं हेच धरून बसली, किंवा मला पण त्याच्याकडे जायचंय म्हणाली, तर वाट बघू नका, वेड्यांचा डॉक्टर वगैरे म्हणून लाजू नका. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी असते. सरकारी टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, फ्री, मराठीत बोलतात. मरणाची भाषा केली तर तिला एकटं सोडू नका, गोळ्या, फिनेल उचलून ठेवा, आणि त्याच दिवशी न्या.

नंतरची वर्षं

वहिनीला पुढे मुलगी झाली, आता आठ वर्षांची आहे. कुणी विचारलं मुलं किती की ती अर्धा सेकंद थांबते. कधी एक म्हणते, कधी दोन. दोन म्हणाली तर शेजारी बसून, अगं एकच ना, असं करू नका. ती मोजतेय ते बरोबर मोजतेय.

माई अमुक परत गेल्यावर मी वहिनीकडे गेले होते, ती मेथी निवडत होती. मी विचारलं, त्याचं नाव काय ठेवणार होतो गं आपण. अकरा वर्षं झाली होती. मला वाटलं होतं तिच्या मनात पण ठरलेलं नसेल, मीच ठेवणार होते ना. तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि लगेच सांगितलं, एक सेकंद पण लागला नाही. तिने सातव्या महिन्यातच ठरवलं होतं, माझ्या कानात सांगून माझ्याकडून त्याच्या कानात सांगणार होती. आम्ही दोघींनी ते नाव चार पाच वेळा घेतलं, आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात.

तर नाव माहीत असेल तर घ्या. माहीत नसेल तर विचारा, बारसं झालं नसलं तरी. आणि कालनिर्णयवर दोन तारखा लिहून ठेवा, जन्माची आणि गेल्याची, दरवर्षी नवीन आणलं की पहिलं ते काम. त्या दिवशी फॉरवर्ड केलेला दिवा आणि फुलं पाठवू नका. बाळाबद्दल तुम्हाला जे खरंच आठवतं ते एक लिहा. माई अमुकला मी लिहिते की तुझा मुलगा इडली चटणीला हात न लावता साखरेबरोबर खायचा, ती लिहिते आणि शेजारच्याच्या ताटातली पण.

वहिनीच्या बाळाबद्दल माझ्याकडे फार काही नाही, नऊच दिवस. पण बारशाची प्रॅक्टिस म्हणून मी एकदा त्याचा कान बघितला होता, जावळाच्या खाली, डाव्या कानाच्या पाळीवर बारीकसा तीळ होता. यावर्षी तारखेला मी तिला तेवढंच लिहून पाठवलं.

तिचा लगेच फोन आला. डावा नाही गं, उजवा.